दंडावरचा ग्लुकोज सेन्सर : साखरेचे मोजमाप आणि तरुणांची नजर

दंडाच्या मागच्या बाजूला चिकटवून चौदा दिवस तसाच ठेवायचा ग्लुकोज सेन्सर मी आता नियमित वापरते, आणि त्याच्याविषयी सविस्तर लिहावे असे बरेच दिवस मनात होते. तो साखर किती अचूक मोजतो एवढे सांगून त्याचे परीक्षण पूर्ण होईल, असे मला वाटत नाही. हे यंत्र अंगावर दिसते. जो आजार वर्षानुवर्षे मला आणि माझ्या घरच्यांनाच ठाऊक होता, तो या यंत्राने चारचौघांत आणला, आणि माझे चारचौघे म्हणजे बहुतांशी सतरा ते एकवीस वर्षांची धडधाकट मुले आहेत, जी रात्री दोनला झोपून सकाळी सातच्या तासाला हजर होऊ शकतात. त्यांच्या नजरेत या यंत्रामुळे काय बदलले आणि काय बदलले नाही, हे कोणत्याही माहितीपत्रकात छापलेले नसते. वापरणाऱ्याच्या दृष्टीने मात्र ते अचूकतेइतकेच महत्त्वाचे ठरते. कंपनीचे नाव मी लिहीत नाही, कारण बाजारातील या जातीची यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात आणि माझे म्हणणे त्या सगळ्यांना कमी-अधिक प्रमाणात लागू पडते.

मी सोलापुरातील एका महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते. शाळेत असतानाच मला टाइप १ मधुमेह झाला. या प्रकारात शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवरच हल्ला करते आणि त्या नष्ट होतात. गोड खाण्यामुळे किंवा आळसामुळे हा आजार होत नाही, आणि बाहेरून इन्सुलिन घेतल्यावाचून रुग्ण जगू शकत नाही. १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट या संशोधकांनी इन्सुलिन वेगळे केले आणि जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्प्सन या चौदा वर्षांच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचण्यात आले. त्याआधी हा आजार झालेले मूल काही महिन्यांत, फार तर एक-दोन वर्षांत दगावत असे. हा इतिहास मी वर्गात आवर्जून सांगते, कारण ‘शुगर’ म्हटले की आमच्या मुलांच्या डोळ्यांसमोर संभाजी तलावाच्या काठी सकाळी फिरायला जाणारे आणि बिनसाखरेचा चहा मागणारे आजोबाच येतात. त्या आजोबांचा मधुमेह बहुधा टाइप २ असतो, म्हणजे त्यांचे शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही. दोन्ही आजारांचे नाव एकच असल्यामुळे एकाचे नियम दुसऱ्याला सर्रास लावले जातात.

आता यंत्राविषयी. आकाराने ते दहा रुपयांच्या नाण्याहून थोडे मोठे असते. सोबत येणाऱ्या साधनाने ते दंडावर दाबून बसवायचे. त्यातली सुई लगेच परत निघते आणि सुमारे पाच मिलिमीटर लांबीचा मऊ तंतू त्वचेखाली राहतो. बसवताना होणारी वेदना बोटाला टोचण्यापेक्षा कमी असते. पहिला तासभर यंत्र तयार होण्यात जातो, नंतर आकडे मोबाइलवर दिसू लागतात. जुन्या पद्धतीच्या सेन्सरला मोबाइल टेकवावा लागतो, तर नवे सेन्सर ब्लूटूथवरून आपोआप आकडा पाठवतात आणि साखर ठरलेल्या मर्यादेबाहेर गेली की अलार्म वाजवतात. आकड्याच्या शेजारी एक बाण असतो, आणि माझ्या मते या यंत्राची खरी किंमत त्या बाणातच आहे. ११० (मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर) हा आकडा स्थिर असेल तर निवांत तास घेता येतो. तोच ११० वेगाने खाली जात असेल तर वर्गात शिरण्यापूर्वी काहीतरी खावे लागते. बोटाला टोचून घेतलेल्या तपासणीत हा फरक कळत नाही.

अचूकतेबाबत दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. सेन्सर रक्तातली साखर मोजत नाही. तो पेशींच्या भोवतालच्या द्रवातली साखर मोजतो, आणि ती रक्ताच्या पाच ते दहा मिनिटे मागे असते. त्यामुळे साखर झपाट्याने चढत किंवा उतरत असताना आकडा आणि शरीर यांचे जुळत नाही, आणि अंगाला घाम सुटून हात थरथरत असताना यंत्र ८५ दाखवत असेल, तर शरीराचे ऐकावे आणि बोटाला टोचून खात्री करावी. दुसरे असे की सेन्सर असलेल्या दंडावर झोपले की तिथल्या दाबामुळे आकडा खोटाच खाली येतो आणि मध्यरात्री अलार्म वाजतो. पहिल्या दिवशीचे आकडेही मी फारसे मनावर घेत नाही. एवढे सोडले तर यंत्र विश्वासार्ह आहे.

सोलापूरच्या उन्हाळ्यात मात्र त्याची परीक्षा होते. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४३ अंशांच्या घरात जातो आणि दुचाकीवरून नव्या पेठेपर्यंत जाऊन आले तरी सेन्सरभोवतीची चिकटपट्टी घामाने सुटू लागते. वरून वेगळी पट्टी लावल्याशिवाय तो चौदा दिवस टिकत नाही. ही पट्टी सच्छिद्र असावी, नाहीतर खाली पुरळ उठते. ओढणी किंवा पिशवीचा बंद अडकूनही सेन्सर निघतो, आणि एकदा निघालेला सेन्सर पुन्हा बसवता येत नाही. एका सेन्सरची किंमत चार-पाच हजारांच्या आसपास जाते आणि महिन्याला दोन लागतात, हे लक्षात घेतले तर पट्टीचा प्रश्न क्षुल्लक राहत नाही. तुलनेसाठी सांगायचे तर बोटाला टोचून तपासायच्या ग्लुकोमीटरची एक चाचणीपट्टी वीस-पंचवीस रुपयांना पडते. सेन्सर हे आज तरी मध्यमवर्गीय घराला जड जाणारे उपकरण आहे, आणि त्यात सवलत मिळावी अशी माझी ठाम मागणी आहे.

जेवणाबाबत त्याने मला जे शिकवले ते सोलापूरकरांना रुचणार नाही. ज्वारीच्या भाकरीने साखर वाढत नाही, असे आपल्याकडे घरोघरी सांगितले जाते. भाकरीत तंतू असतात आणि ती मैद्याच्या पदार्थांपेक्षा निश्चित चांगली, पण तिच्यातही पिष्ट भरपूर आहे, आणि दोन भाकऱ्यांनंतर माझा आलेख स्पष्टपणे वर चढतो. कडक भाकरी पातळ असल्यामुळे हलकी वाटते आणि हाताला लागेल तेवढी मोडून खाल्ली जाते. तिचाही हिशेब ठेवावाच लागतो. शेंगाचटणी, दही किंवा उसळ सोबत असेल तर चढ सावकाश होतो. हुरड्याचेही तसेच आहे. डिसेंबर-जानेवारीत मुले शेतावर हुरडा पार्टीला बोलावतात आणि गरम हुरडा समोर ठेवून अगदी प्रेमाने विचारतात, “मॅडम, तुम्हाला हे चालतं का?” चालते. त्यासाठी इन्सुलिनचे किती युनिट घ्यायचे, एवढेच ठरवावे लागते. या उत्तराने मुले चकित होतात, कारण त्यांच्या समजुतीत मधुमेह म्हणजे मनाई केलेल्या पदार्थांची यादी असते. प्रत्यक्षात माझा दिवस हिशेबाचा असतो आणि तो हिशेब मला रोज, प्रत्येक घासाला मांडावा लागतो.

इथूनच मूळ विषय सुरू होतो. सेन्सर येण्यापूर्वी हे सगळे चालत होते, पण कोणाला दिसत नव्हते. बोटाला टोचणे प्राध्यापक कक्षाच्या कोपऱ्यात व्हायचे, इन्सुलिनचे पेन पर्समध्ये असायचे. त्यामुळे मी मुलांच्या लेखी पूर्ण निरोगी होते, आणि एखाद्या दिवशी तास मध्येच थांबवून बसले किंवा सहलीत सगळ्यांसोबत चढण चढले नाही, तर त्याचा अर्थ कंटाळा किंवा शिष्टपणा असाच लावला जाई. दीर्घ आजार असलेल्या तरुण माणसाच्या वाट्याला हेच येते. आजार दिसत नाही, म्हणजे तो नाही. आणि त्यामुळे पडणारा फरक दिसला, तर तो स्वभावाचा दोष ठरतो. संधिवात, अपस्मार, आतड्यांचा दाह, थायरॉइड, दमा यांपैकी काहीही असलेल्या विशीतल्या मुला-मुलींशी बोलून पाहा. “तुला बघून वाटत नाही” हे वाक्य त्यांनी असंख्य वेळा ऐकलेले असते. बोलणारा कौतुक म्हणून बोलतो, पण ऐकणाऱ्याच्या कानी त्यातला अविश्वासच पडतो.

सेन्सर लावून अर्ध्या बाह्यांच्या कुर्त्यात वर्गात गेले, त्या आठवड्यापासून प्रश्न सुरू झाले. मला ते विचारले गेले याचा आनंदच आहे. लहानपणी गोड जास्त खाल्ले का, घरात कोणाला होते का, माझ्या आजोबांनी कारल्याचा रस घेऊन बंद केले, तुम्ही तर बारीक आहात मग कसे काय. वरवर वेगवेगळ्या दिसणाऱ्या या प्रश्नांच्या तळाशी एकच शोध असतो : या बाईने असे काय केले, जे मी करत नाही? निरोगी तरुणाला कारण हवे असते, कारण कारण सापडले तर आपण सुरक्षित आहोत असे त्याला मानता येते. आजार हा कोणत्यातरी चुकीचा परिणाम असेल, तर चूक न करणाऱ्याला तो होणार नाही. बिनकारणाचा, कोणाचाही दोष नसलेला आजार मान्य करणे विशीत फार कठीण असते, आणि म्हणून मी त्या मुलांवर रागावत नाही. पण उत्तर मात्र दर वेळी पूर्ण देते.

राग येतो तो या समजुतीचा व्यवसाय होतो तेव्हा. शहरातल्या एका व्यायामशाळेत चौकशीला गेले असताना तिथल्या तरुण प्रशिक्षकाने सेन्सर पाहून मोठ्या आत्मविश्वासाने सांगितले, “दोन महिने माझ्याकडे या मॅडम, इन्सुलिन बंद करून दाखवतो.” तो पंचविशीचाही नसेल. त्याच्या अंगावर आजाराची एकही खूण नव्हती, आणि आपल्या निरोगी शरीराचे सगळे श्रेय तो आपल्या मेहनतीला देत होता. त्यामुळे आजाराचे अपश्रेय रुग्णाला देणे त्याला स्वाभाविक वाटत होते. टाइप १ मधुमेहात इन्सुलिन बंद केले तर रक्तात कीटोन नावाची आम्लधर्मी द्रव्ये साठून काही दिवसांत, कधी दोन-तीन दिवसांतच, जिवावर बेतते. एखाद्या सोळा वर्षांच्या मुलाने त्याचे ऐकले असते तर काय झाले असते, हा विचार त्यानंतर कितीतरी दिवस माझा पाठलाग करत होता. टाइप २ मध्ये आहार आणि व्यायाम यांनी औषध कमी होऊ शकते, काहींचे थांबतेही. तो नियम इकडे लावायचा नसतो, आणि हे व्यायाम शिकवणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असलेच पाहिजे.

दोष देणारी नजर ओळखू येते. कौतुक करणारी नजर ओळखायला वेळ लागतो. वसीम अक्रमला टाइप १ मधुमेह आहे आणि निदानानंतरही तो वर्षानुवर्षे वेगवान गोलंदाजी करत राहिला, हे क्रिकेट पाहणाऱ्या मुलांना माहीत असते आणि ते मला उत्साहाने सांगतात. गोष्ट खरी आहे, मलाही तिने एके काळी बळ दिले आहे. पण तिच्या जोडीला बहुतेक वेळा दुसरे वाक्य येते : “मॅडम, तुम्ही ग्रेट आहात, मला तर जमलंच नसतं.” या वाक्यात माझ्याविषयी आदर आहे हे मी नाकारत नाही. तरीही त्या आदराने आमच्यात एक भिंत उभी राहते, कारण बोलणाऱ्याने मला कोणत्यातरी वेगळ्या जातीच्या माणसांत नेऊन बसवलेले असते. त्यालाही उद्या हेच झाले तर त्यालाही जमेलच, कारण जमवण्यावाचून पर्याय नसतो. शिवाय ‘ग्रेट’ ठरवलेल्या माणसाला दमण्याची, चिडण्याची किंवा आज जमत नाही असे म्हणण्याची सोय उरत नाही.

डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्याबद्दल बोलताना मला हे प्रकर्षाने जाणवले. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेले, १९३८ मध्ये वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेले आणि तिथेच राहून युद्धातील जखमींवर उपचार करणारे कोटणीस आमच्या प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असतात. ९ डिसेंबर १९४२ रोजी, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला, हे मात्र वर्गात फार थोड्यांना ठाऊक होते. मी सांगितल्यावर एका मुलीने विचारले, “म्हणजे त्यांना फिट यायच्या?” आणि पाठोपाठ वर्गात कुजबुज झाली. ज्यांच्याविषयी इतका अभिमान, त्यांच्या आजाराचे नाव घेताना आवाज खाली का जावा? त्याच वर्गात अपस्माराची गोळी रोज घेणारे कोणी बसलेले असू शकते, आणि ती कुजबुज त्याच्या कानावर गेलेली असू शकते. आपण थोर माणसांचे आजार त्यांच्या गोष्टीतून काढून टाकतो आणि मग आजारी माणसांना थोरपणाचे दाखले देतो, याचे मला वाईट वाटते.

सेन्सरने या सगळ्यात नेमके काय केले, ते एका प्रसंगाने सांगते. बारावीच्या प्रात्यक्षिकाची बॅच होती आणि टायट्रेशन, म्हणजे ब्युरेट या काचेच्या नळीतून थेंब थेंब द्रावण सोडून दुसऱ्या द्रावणाची तीव्रता मोजण्याचा प्रयोग, सुरू होते. एक मुलगा ब्युरेटच्या तोटीवर बोट ठेवून फिनॉल्फ्थॅलिनचा फिका गुलाबी रंग येण्याची वाट पाहत होता आणि मी त्याच्या शेजारी उभी होते. तेवढ्यात टेबलावर ठेवलेल्या माझ्या मोबाइलचा अलार्म वाजला. पडद्यावर ५८ आणि सरळ खाली जाणारा बाण होता. मी स्टुलावर बसले, पर्समधली डबी काढली, तीन चमचे ग्लुकोज पाण्यात कालवून प्यायले आणि मुलांना काम चालू ठेवायला सांगितले. साखर ७० च्या खाली गेली की साधारण पंधरा ग्रॅम ग्लुकोज घ्यायचे, पंधरा मिनिटे थांबायचे आणि पुन्हा तपासायचे, असा सर्वमान्य नियम आहे. त्या पंधरा मिनिटांत कोणाचेही लक्ष ब्युरेटकडे नव्हते. सगळे माझ्याकडे आणि मोबाइलकडे आळीपाळीने पाहत होते. तोटीवर बोट ठेवलेल्या मुलाचे द्रावण गडद गुलाबी होऊन गेले तरी त्याला पत्ता नव्हता. कोणीतरी विचारले, “अठ्ठावन्न म्हणजे किती वाईट असतं मॅडम?”

पुढचे काही आठवडे मुले माझ्याशी फार जपून वागली. माझ्या हातातल्या वह्या घेत, जिन्यात वाट सोडत, आणि अलार्म वाजो न वाजो, मोबाइलकडे नजर टाकून “आता किती आहे?” असे विचारत. काळजीपोटीच ते विचारत होते, पण दिवसातून आठ-दहा वेळा आपली साखर चारचौघांत जाहीर करावी लागणे हे सोपे नाही. आकडा २१० असला की त्यांच्या चेहऱ्यावर नाराजी उमटे, ११० असला की शाबासकी. मुलांनी परीक्षेच्या गुणांकडे पाहायची जी सवय लावून घेतली आहे, तीच त्यांनी माझ्या साखरेला लावली होती. झोप कमी झाली, ताप आला, पाळी जवळ आली, इन्सुलिन उन्हात तापले तरी आकडा बिघडतो. त्यात दर वेळी माझी कामगिरी नसते. आजार अदृश्य असताना माझ्यावर अविश्वास होता, आणि तो दृश्य झाल्यावर माझ्यावर देखरेख सुरू झाली.

उपाय याच यंत्रात सापडला. एके दिवशी मी आकडा सांगण्याऐवजी आदल्या दिवसाचा पूर्ण आलेख फळ्यावर काढला. आडव्या अक्षावर सकाळी सहापासून रात्री अकरापर्यंतची वेळ, उभ्या अक्षावर साखर, आणि ७० ते १८० चा हवा असलेला पट्टा. दिवसातला सत्तर टक्के वेळ त्या पट्ट्यात राहिले तर प्रौढ रुग्णासाठी ते उत्तम नियंत्रण मानले जाते, हेही सांगितले. म्हणजे बाहेर जाणे हा अपराध नसून आजाराचा भागच आहे, हे त्यांना आपसूक कळले. रसायनशास्त्र शिकणाऱ्या मुलांना आलेख वाचायला शिकवावे लागत नाही. त्यांनी चढ आणि उतार पाहिले आणि प्रश्न बदलले. तुम्ही काय खाल्ले, हा प्रश्न मागे पडला आणि या वेळेला काय चालू होते, असे विचारले जाऊ लागले. मग मागच्या बाकावरची, फारशी कधी न बोलणारी एक मुलगी म्हणाली, “मॅडम, तुमची साखर मंगळवारी आणि गुरुवारी एकच्या सुमारास पडते. त्या दिवशी आमची बॅच साडेबाराला असते, तुम्हाला जेवायला वेळच मिळत नाही. आम्ही अर्धा तास उशिरा यायला तयार आहोत.”

प्रात्यक्षिकाची वेळ बदलली आणि त्या दोन दिवसांचे अलार्म जवळजवळ थांबले. मला त्या मुलीचे महत्त्व वाटते ते यासाठी की तिने माझ्याकडे पाहायचे सोडून वेळापत्रकाकडे पाहिले. दोष देणारा, कीव करणारा आणि कौतुक करणारा, हे तिघेही आजारी माणसाच्या स्वभावाची तपासणी करत बसतात. त्याच्या भोवतीची मांडणी, म्हणजे जेवणाची सुट्टी कधी आहे, जिने किती आहेत, औषध ठेवायला फ्रिज आहे का, परीक्षेत खाऊ सोबत ठेवता येतो का, एक दिवस बुडाला तर तो भरून काढता येतो का, हे त्यांना दिसतच नाही, कारण निरोगी शरीराला ती मांडणी कधी अडत नाही. वसतिगृहात राहणाऱ्या आमच्या एका विद्यार्थिनीलाही टाइप १ आहे. ती सेन्सर लांब बाहीखाली झाकून ठेवते आणि तासात मोबाइल पाहते म्हणून बोलणी खाते. खोलीतल्या मुलींना वाटायचे की ती जेवणात वाटेकरी होत नाही म्हणजे तिला गर्व आहे. तिच्या परवानगीने हे लिहीत आहे. घरच्यांनी पुढे लग्न ठरताना अडचण येईल म्हणून कोणाला सांगू नकोस असे बजावल्यावर, झाकण्यावाचून तिने दुसरे काय करावे? दोष एकट्या तरुण मुलांच्या नजरेचा नाही. मोठ्यांनी आजार लपवायला शिकवला, म्हणून त्यांना तो कधी जवळून पाहायलाच मिळाला नाही.

म्हणून माझे मत असे आहे. साखर मोजण्याचे साधन म्हणून हा सेन्सर उत्तम आहे, आणि टाइप १ असलेल्या, विशेषतः रात्री झोपेत साखर पडणाऱ्या रुग्णाला परवडत असेल तर तो जरूर घ्यावा. उन्हाळ्यात सुटणारी चिकटपट्टी आणि किंमत या त्याच्या मोठ्या उणिवा आहेत. आणखी एक उणीव सोयीच्या नावाखाली येते : आकडे घरच्यांच्या आणि मित्रांच्या मोबाइलवर पाठवण्याची व्यवस्था. लहान मुलांच्या पालकांना ती वरदान आहे. महाविद्यालयीन वयात मात्र पुण्याला शिकणाऱ्या मुलाला सोलापुरातून आईचा दर तासाला फोन येऊ लागतो आणि वैतागून तो सेन्सरच काढून ठेवतो. या वयात फक्त कमी साखरेची सूचना एका विश्वासू माणसाकडे जाईल, असे ठरवून घ्यावे. मोबाइलच्या बंद पडद्यावर आकडा दिसण्याची सोयही मी बंद ठेवली आहे. आवश्यक तो अलार्म तरीही वाजतो.

वसतिगृहात राहणाऱ्यांनी सेन्सर लावला की खोलीतल्या मित्रमैत्रिणींना तीन गोष्टी आधीच सांगून ठेवाव्यात. अलार्म वाजून मी गोंधळल्यासारखे वागू लागले तर साखरेचे पाणी किंवा ग्लुकोज हातात द्या. मी शुद्धीवर नसेन तर तोंडात काहीही घालू नका, कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. आणि आकडा जास्त दिसला म्हणून माझ्या ताटातून काही काढून घेऊ नका, तो हिशेब माझा आहे. या तीन वाक्यांनी मुलांची भीती बरीच कमी होते, हे मी पाहिले आहे. काय करायचे ते माहीत नसते म्हणूनच ती एक तर दूर पळतात किंवा अंगावर येतात.

पहिला सेन्सर शक्यतो सुट्टीत लावू नये. घरी आईच्या हातचे वेळेवर जेवण मिळत असताना आलेख सुंदरच येतो आणि त्यातून काही कळत नाही. तास, प्रात्यक्षिके, शहर बसची धावपळ आणि मेसचे जेवण असे सगळे असलेल्या नेहमीच्या पंधरवड्यात तो लावावा, आणि चौदा दिवसांचा आलेख डॉक्टरांना दाखवायला नेताना त्याची एक प्रत वेळापत्रक करणाऱ्या प्राध्यापकांनाही द्यावी.